बूट घालूनच खाटेवर या

मॅडमची आणि माझी पहिली भेट पाण्याच्या जारमुळे झाली. दुष्काळाची ती सलग वर्षं होती. चितेगावच्या ज्या कंपनीत मी पॅकिंगला होतो, तिथं पाणी कमी पडू लागलं तशी एक पाळी बंद झाली आणि आम्हा नव्यांना घरी बसवलं गेलं. बारावी माझी अर्धवट सुटलेली. मुकुंदवाडीत किसनमामांकडे राहत होतो. मग ओळखीच्या एका टेम्पोवर जार पोचवायचं काम धरलं. रेल्वे स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉ. कुमुदिनी देवगावकर यांचं हृदय तपासणी केंद्र होतं. तिथं रोज दोन जार लागत.

एका सकाळी जार घेऊन वर गेलो तर बाकावर एक आजी बसल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. मी पेला भरून पुढं केला.

"नगं बाबा," त्या म्हणाल्या, "उपाशी पोटी बोलावलंय. काल दिवस मावळल्यापासनं घोटबी घेतला नाय."

शेजारी बसलेला त्यांचा मुलगा कौतुकानं म्हणाला, "लई कडक पाळलंय आईनं."

यात बोलायचा मला काही अधिकार नव्हता. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहून मॅडमना ते सांगितलं. मॅडम हातातलं काम ठेवून बाहेर आल्या, पेला माझ्या हातातून घेतला आणि आजींच्या शेजारी बसल्या. "आजी, जेवण नको म्हटलं होतं. पाणी कुणी बंद केलं तुमचं? नळाला येत नाही तेवढं पुरे नाही का?" आजी हसल्या आणि पाणी प्यायल्या.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाहेरची सूचनांची पाटी वाचलीत का कधी?"

"व्हय मॅडम, रोज वाचतो. तिच्यात पाण्याचं काही लिहिलेलं नाही. आणि 'हृदय' चुकीचं लिहिलंय."

बोलून गेलो आणि लगेच घाबरलो. मॅडम म्हणाल्या, "मग ती पाटी काढा आणि नीट लिहून आणा."

त्या पाटीला चार दिवस लागले. मॅडम सांगत, मी लिहून नेई, त्या खोडत, मी पुन्हा लिही. 'आवश्यक', 'अनिवार्य' हे शब्द त्यांनी काढायला लावले. "हे वाचणारा माणूस आधीच घाबरलेला असतो," त्या म्हणाल्या. "घरातल्या माणसाला सांगावं तसं लिहा." शेवटी पाटीवर राहिलं ते असं : तपासणीच्या आधी तीन-चार तास काही खाऊ नका, पाणी घोट घोट चालेल. चहा-कॉफी, बिडी, तंबाखू त्या दिवशी नको. सैल कपडे घाला. पायात बसतील असे बूट आणा, बूट नसतील तर आमच्याकडे आहेत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत आणा. पुढच्या महिन्यात मॅडमनी मला त्या पाटीसकट कामाला ठेवून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे.

मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल मोठमोठे डॉक्टर लिहितील. मी त्या खोलीत उभा राहणारा माणूस आहे, म्हणून खोलीबद्दलच लिहितो.

स्ट्रेस इको ही तपासणी आता बहुतेकांना नावानं तरी माहीत आहे. त्या काळी तिच्याबद्दल नाना समजुती होत्या. कुणाला वाटे विजेचा झटका देतात, कुणाला वाटे पळवून पळवून दमवतात आणि मग ऑपरेशनला घेतात. मॅडम प्रत्येक पेशंटला आधी समोर बसवत. स्वतः बुटक्या स्टुलावर बसत, म्हणजे पेशंटला मान वर करून बोलावं लागू नये. त्यांचं सांगणं मला पाठ आहे. "आधी तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवून हृदयाची चित्रं घेणार. आवाजाच्या लहरींची चित्रं आहेत, यात सुई नाही, किरणं नाहीत. छातीवर लावायचं जेल तेवढं गार लागेल. मग छातीला तारा लावून यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवणार. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढेल. तुम्ही थांबलात की लगेच पुन्हा झोपवून चित्रं घेणार. निवांत हृदयाचं आणि दमलेल्या हृदयाचं चित्र आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. जो भाग निवांत असताना नीट हलतो आणि दमल्यावर मागं पडतो, तिथं रक्त कमी पोचतंय."

धोक्याबद्दलही त्या झाकून ठेवत नसत. एकदा एका निवृत्त कारकून काकांनी विचारलं, "मॅडम, पट्ट्यावर मेलोच तर?"

"तर मी इथंच उभी आहे, उठवीन. त्यासाठीच ही यंत्रं भिंतीला लावलीत. ठोके बिघडणं वगैरे क्वचित होतं. पण छातीत दुखतंय आणि माणूस लाजून गप्प बसलाय, हे इथं रोज होतं. तुम्ही तेवढं करू नका."

काका म्हणाले, "मी नोकरीत तीस वर्षं गप्प बसलो, आज बोलतो." आणि खरोखर पट्ट्यावर ते इतके बोलत राहिले, की शेवटी मॅडमनाच त्यांना दम जपायला सांगावं लागलं.

आदल्या दिवशी पेशंटना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. गोळ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड असे. ठोके हळू ठेवणाऱ्या काही गोळ्या या तपासणीआधी थांबवाव्या लागतात, काही अजिबात थांबवायच्या नसतात. साखरेची गोळी उपाशी पोटी घेतली तर वेगळीच पंचाईत. लोक विचारत, "गुलाबी बंद करू का पांढरी?" मॅडमनी मला बजावलं होतं, "तू एकाही गोळीबद्दल स्वतः सांगायचं नाहीस. नाव अक्षर न् अक्षर लिहून मला दे. मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते." त्या खरंच बोलत. एका पेशंटच्या डॉक्टरांना त्यांनी तीन वेळा फोन केलेला मी पाहिला आहे.

दुष्काळाच्या त्या दिवसांत मॅडमच्या घरच्या बोअरला थोडं पाणी होतं. एक दिवसाआड आम्ही केंद्रातली माणसं दोन-दोन कॅन भरून नेत असू. मॅडम स्वतः नळी धरून उभ्या राहत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, आम्ही धरतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही धरलीत तर एकेकच कॅन भरून निघून जाल. मला माहीत आहे तुमचा स्वभाव."

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. ती सांगताना माझी चूकही सांगावी लागेल.

माझे किसनमामा गवंडी. माझे वडील गेल्यावर त्यांनीच मला सांभाळलं. पाण्याच्या टंचाईत शहरातली बांधकामं थंडावली होती. स्लॅबवर मारायला पाणी नव्हतं. पुढं परिस्थिती जरा निवळली आणि सगळीकडे एकदम कामं निघाली. मामांना पुंडलिकनगरमध्ये तीन मजली इमारतीचं काम मिळालं. पण जिना चढताना त्यांना मध्येच थांबावं लागतं, हे मामींनी पाहिलं होतं. मामींच्या हट्टानं मामा तपासणीला आले. येताना मला म्हणाले, "गण्या, सोमवारी परांचीवर चढायचंय. तुझ्या बाईंकडून सगळं ठीक म्हणून कागद दे मिळवून."

त्यांच्या पायात मी माझे कॅनव्हासचे बूट घातले. पट्ट्यावर नाडी सुटून ते पडू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली. मॅडम यंत्राशी उभ्या होत्या, सिस्टर रक्तदाब घेत होत्या आणि मी नेहमीप्रमाणे पट्ट्याच्या शेजारी. दर मिनिटाला विचारायचं, छातीत काही होतंय का, दम, चक्कर? दुसरा चढ संपत आला तेव्हा मी विचारलं. मामा ओठ न हलवता पुटपुटले, "घशाशी आवळतंय जरा. बोलू नको. सोमवार हाय."

मी बोललो नाही.

थोड्या वेळानं मामा म्हणाले, "बास, पाय भरून आले." पट्टा थांबला. आता इथून पुढचं एक मिनिट या तपासणीचा जीव असतो. ठोके उतरायच्या आत चित्रं घ्यायची असतात. पण मामा खाटेशी जाऊन उभेच राहिले.

"चढा किसनराव, डाव्या कुशीवर," मॅडम म्हणाल्या.

"बूट घेऊन कसं चढू? बाईंची पांढरी चादर हाय!"

आपल्याकडे बूट घालून कुणी अंथरुणावर चढत नाही. हे मॅडमनी आधी सांगितलेलं होतं, मामांनी मानही हलवली होती. तरी ऐन वेळी पाय चढेना. आणि मी, ज्याला रोजचं माहीत होतं, तो मी खाली बसलो आणि मामांच्या बुटाची नाडी सोडू लागलो. मॅडम "राहू दे, राहू दे" म्हणत होत्या. माझीच दुहेरी गाठ मला सुटेना. मामा आडवे होईपर्यंत दोन मिनिटं उलटून गेली होती आणि ठोके खाली आले होते.

मॅडमनी चित्रं घेतली, पुन्हा पुन्हा पाहिली. "दिसतंय ते ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण ज्या क्षणाचं हवं होतं त्या क्षणाचं हे नाही. पुन्हा करावी लागेल. चालताना काही झालं होतं का?"

"कायबी नाय बाई. ठणठणीत. इचारा की गण्याला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "गणेश?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

मॅडमनी कागदावर लिहिलं : तपासणी अपूर्ण, बुधवारी पुन्हा, तोवर परांची आणि जड काम बंद. मामांनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला. वाटेत म्हणाले, "ठीक दिसतंय म्हणाल्या ना बाई? झालं तर मग."

सोमवारी सकाळी मामा थापी घेऊन कामावर गेले. मी केंद्रात आलो, यंत्र सुरू केलं, चादर बदलली. पहिल्या पेशंटला मी रोजचं वाक्य सांगायला लागलो, 'काहीही झालं तर लगेच सांगा, लपवू नका.' ते वाक्य माझ्याच्यानं पुरं होईना. पेशंटला तिथंच बसवून मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले ते, आणि मी काय म्हणालो ते.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. "घशाशी म्हणाले ना? आवळल्यासारखं? थांबल्यावर गेलं?" मी हो म्हणालो. मग विचारलं, "आत्ता कुठं आहेत?"

"पुंडलिकनगरला. परांचीवर."

मॅडम उठल्या. बाहेर बसलेल्या पेशंटना त्यांनी स्वतः सांगितलं, "मला एका पेशंटकडे जावं लागतंय. तासभर लागेल. ज्यांना थांबता येणार नाही त्यांना उद्या सकाळी पहिला नंबर." सिस्टरना सूचना दिल्या, बॅग घेतली आणि ॲप्रन न काढताच जिना उतरल्या. आम्ही रिक्षानं गेलो. मी मनात घरी बसायची तयारी करत होतो. आणि त्याहून वाईट, रिक्षाच्या प्रत्येक वळणावर मला मामा परांचीवरून पडलेले दिसत होते.

मामा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, हातात थापी घेऊन गिलावा करत होते. मॅडम वाळूच्या ढिगापाशी उभ्या राहिल्या आणि वर पाहून हाक मारली, "किसनराव!"

"आं? बाई? तुमी इथं कुठं?"

"खाली या. सावकाश या. घाई करू नका."

"एवढं घमेलं संपवतो की."

"घमेलं राहू द्या. माल वाळला तर दुसरा कालवता येईल."

खाली विटा देणारा एक बिगारी ओरडला, "उतरा मिस्त्री! आमच्या बायका बी एवढं हुडकत येत नायत!" सगळे हसले. मामाही हसले आणि एकेक बांबू धरत उतरले. खाली आल्यावर मात्र ते विटांवर बसले ते उठले नाहीत. कपाळावर घाम होता. मॅडमनी त्यांच्यासमोर, त्या धुळीत, एका उलट्या घमेल्यावर बसून नाडी पाहिली.

"आत्ता आवळतंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "व्हय."

मॅडमनी जिभेखाली ठेवायला गोळी दिली, थोडा वेळ नाडी धरूनच बसल्या. मामांचा चेहरा मोकळा झाल्यावर म्हणाल्या, "मला खोटं सांगितलंत, त्याचं नवल नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पास व्हायला येतो. पण ह्याला गप्प बसवू नका. ह्याचं काम बोलायचं आहे."

"त्याची चूक नाय बाई. माझंच ऐकलं त्यानं. लहानपणापासनं माझंच ऐकतोय."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "म्हणून चूक माझीही आहे. भाच्याला मामाशेजारी उभं करायला नको होतं मी."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. सांगायला उशीर मी केला होता, लपवलं मामांनी होतं, आणि चूक मॅडमनी स्वतःकडे घेतली. तीही नुसती बोलण्यापुरती नाही. त्या दिवशी त्यांनी मामांना केंद्रात आणून ईसीजी काढला, तो ठीक आल्यावर औषधं सुरू केली, मामींना बोलावून समजावलं आणि दोन दिवस घरात बसवलं. बुधवारी तपासणी पुन्हा केली तेव्हा पट्ट्याशेजारी सिस्टर उभ्या होत्या आणि मी दाराशी. पण त्याआधी मॅडमनी मामांना बूट घालून खाटेवर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. पायाकडच्या बाजूला घरून आणलेलं जाड रेक्झिन अंथरलं होतं. "आता चादरीची काळजी मिटली?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "मिटली. पण आमच्या मंडळींना सांगू नका, मी घरी बी असंच करीन, असं वाटंल त्यांना." त्या दिवसापासून ही तालीम प्रत्येक पेशंटची होते.

दुसऱ्या चढालाच मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले, "बाई, आवळलं!" की बाहेरच्या बाकावरचे लोक उभे राहिले. पट्टा थांबला. बुटांसकट मामा खाटेवर. मिनिटाच्या आत चित्रं आली. मॅडमनी पडदा वळवून त्यांना दाखवलं. निवांत हृदय आणि दमलेलं हृदय शेजारी शेजारी, आणि दमलेल्याचा पुढचा भाग बाकीच्यांच्या मागं राहिलेला. मामा बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "बाकीचे गडी काम करत्यात, ह्यो एकटा बसलाय."

"बसलेला नाही," मॅडम म्हणाल्या, "त्याला माल पोचत नाही."

पुढं अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, तिच्यात स्टेंट बसवला. मामा आज आहेत. परांचीवर चढत नाहीत, खाली उभे राहून पोरांना शिव्या घालतात. मॅडमनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, "आजचं उत्तर आजचं. रिपोर्ट चांगला आला म्हणून तंबाखू सुरू करायची नाही, आणि पुन्हा काही जाणवलं तर रिपोर्ट दाखवत बसू नका, मला सांगा." मामा दर वर्षी येतात.

आता ते जुनं केंद्र नाही. औषधाच्या दुकानाच्या जागी मोठी इमारत झाली. आमचं केंद्रही मोठ्या जागेत गेलं, नवा पट्टा आवाज करत नाही. जुन्या पट्ट्याची करकर मला अजून आठवते, ती थांबली की आम्ही सगळे धावायचो. शहर बायपासच्या पलीकडे वाढलं. हल्लीचे पेशंट भारी बूट घालून येतात, मनगटावरच्या घड्याळात स्वतःचे ठोके मोजतात. बूट घालून खाटेवर चढायला ते कचरत नाहीत. पण घशाशी आवळलं तर तेही 'ॲसिडिटी असेल' म्हणतात. अशा वेळी मी मॅडमचं सांगणं सुरुवातीपासून सांगतो. ज्यांचे गुडघे चालू देत नाहीत त्यांना औषध देऊन करायची दुसरी तपासणी असते, हेही सांगतो. कुणाला दहा मिनिटं जास्त लागली तर लागू देतो. मॅडमनी कधी घड्याळ पाहिलं नाही.

एक कबुली द्यायची राहिली. मॅडमच्या आग्रहानं मी पुन्हा बारावीला बसलो आणि इंग्रजीत नापास झालो. "परत बस," त्या म्हणाल्या. अजून बसलेलो नाही. हा लेख वाचून त्या पहिलं तेच विचारतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मॅडम आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. आठवड्यातून एकदाच केंद्रात येतात, आणि आल्या की तासन्‌तास स्टुलावर बसून राहतात. गुडघे दुखतात असं कुणाला सांगत नाहीत, पण उठताना टेबलाला हात लावतात, ते आम्ही पाहतो. मामांना मी विचारलं, लेखात तुमच्यातर्फे काय लिहू? ते म्हणाले, "बाईंना म्हणावं, सगळ्यांना चाला म्हणता, तुमी किती चालता?"

म्हणून आम्हा सगळ्यांच्या वतीनं मॅडमना विनंती आहे. आपण रोज थोडं चालावं. सावकाश चालावं. दम लागला, गुडघा दुखला, कुठं आवळलं, तर आमच्यापासून लपवू नये, लगेच सांगावं. अशी पुष्कळ पुष्कळ वर्षं आपण चालत राहा. आम्ही शेजारीच उभे आहोत, मॅडम.